नर्सिंगच्या शाळा मिशनच्या असोत की संस्थानाच्या, शिकलेली मुलगी गावाकडे परत आली पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकांचं पत्र होतं, की चर्च, मदरसे, देवस्थानं अशा कुठल्याच धार्मिक संस्थेला नर्सिंग नि मेडिकल कॉलेज चालवायची परवानगी देऊ नये, धर्माने आपलं देवाधर्माचं बघावं आणि आरोग्याचं शिक्षण सरकारवर सोडावं. पत्र चांगल्या मनाने लिहिलंय हे कळतं, पण मला ते अजिबात पटलं नाही. मी सांगली जिल्ह्यात एएनएम, म्हणजे गावच्या उपकेंद्रातली नर्स म्हणून नोकरीला लागले, उपकेंद्र सांभाळलं, पुढे प्रमोशन होऊन आरोग्य सहायिका झाले आणि आता रिटायर आहे, आणि माझं स्वतःचं ट्रेनिंग एका मिशन हॉस्पिटलच्या शाळेत झालंय. मी हिंदू घरातली, आजही घरी गणपती बसतो, त्यामुळे मी कुणाची वकिली करतेय असं कृपया समजू नका.

पहिल्यांदा जरा मागचं सांगते, कारण नर्स हा प्रकार आपल्याकडे आला कुठून हे आजच्या पोरांना माहीतच नसतं. आमच्या मिरजेचंच घ्या. डॉ. विल्यम वॉनलेस हे प्रेसबिटेरियन या ख्रिश्चन मिशनचे डॉक्टर, मूळचे कॅनडाचे, १८८९ ला भारतात आले आणि १८९४ ला त्यांनी मिरजेत हॉस्पिटल उभं केलं. हॉस्पिटल काढलं तर ऑपरेशनला हाताखाली कोण, रात्री पेशंटजवळ बसणार कोण, जखमा धुणार कोण, हा प्रश्न लगेच आला आणि त्याला उत्तर एकच होतं, इथलीच मुलं मुली घेऊन त्यांना शिकवायचं. म्हणून हॉस्पिटलच्या जोडीने ट्रेनिंग सुरू झालं. गंमत म्हणजे त्याच १८९४ साली तिकडे लुधियान्यात डॉ. एडिथ ब्राऊन यांनी ख्रिश्चन मुलींसाठी मेडिकल स्कूल काढलं आणि गावातल्या दायांनासुद्धा शिकवायला घेतलं. मिरजेचं नाव पुढे एवढं झालं की लांबलांबून पेशंट यायचे, वॉनलेसवाडीला टीबीचं सॅनिटोरियम झालं, १९२८ ला वॉनलेस साहेबांना सर ही पदवी मिळाली, आणि १९६२ ला मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज आलं तेव्हा त्याला या हॉस्पिटलचा मोठा आधार होता. आज मिरज हे दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं, निम्म्या कर्नाटकातनं पेशंट रेल्वेने उतरतात, त्याची सुरवात तिथे आहे.

आता कुणी म्हणेल की मग आपल्या लोकांनी का नाही काढल्या अशा शाळा. याचं उत्तर कडू आहे पण ते दिलंच पाहिजे. बाळंतपण म्हणजे विटाळ, रक्त म्हणजे विटाळ, परक्या पुरुषाचं अंग पुसायचं म्हणजे तर बाईची अब्रूच गेली, असा आपला समज. सुईणपण मांग, महार, न्हावी अशा घरातल्या बायांनी करायचं, त्यांनी नाळ कापायची, वार पुरायची, आणि मग त्यांनाच शिवायचं नाही. असल्या समाजात चांगल्या घरची मुलगी नर्स कशी होणार? म्हणून मिशनच्या शाळेत कोण आलं तर दुष्काळातली अनाथ पोरं, टाकलेल्या बाया, विधवा, नव्याने ख्रिश्चन झालेल्या दलित घरातल्या मुली. १९४६ ला देशाच्या आरोग्य व्यवस्थेची पाहणी करणाऱ्या सरकारी भोर समितीने रिपोर्ट दिला तेव्हा सगळ्या ब्रिटिश इंडियात नर्सेस होत्या जेमतेम सात हजार, म्हणजे त्रेचाळीस हजार माणसांमागे एक. आणि त्या काळचा अंदाज असा आहे की देशातल्या दहापैकी नऊ नर्स ख्रिश्चन होत्या आणि त्यातल्या बहुतेक मिशन हॉस्पिटलमध्येच शिकलेल्या. हे मी मिशनचं कौतुक म्हणून सांगत नाही. बाकीच्या सगळ्यांनी या कामाकडे पाठ फिरवली होती तेव्हा ज्यांनी केलं त्यांनी ते धर्माच्या प्रेरणेने केलं, एवढं मान्य करायला आपल्याला काय जड जातं?

आणि आपल्याकडे अगदीच कुणी केलं नाही असंही नाही. पुण्यात रमाबाई रानडे यांनी बायकांसाठी सेवासदन ही संस्था १९०९ ला सुरू केली आणि ब्राह्मण घरातल्या विधवांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, त्या काळात हे केवढं धाडस होतं विचार करा, लोकांनी काय काय बोललं असेल त्यांना. रमाबाई स्वतः प्रार्थना समाजाच्या वातावरणातल्या, देवधर्म मानणाऱ्या. म्हणजे श्रद्धा असणाऱ्या माणसांनीच विटाळाची भिंत पाडली, दोन्हीकडे.

आता मी स्वतः बघितलेलं सांगते. आमच्या हॉस्टेलला सकाळी साडेपाचला घंटा, मग प्रार्थना, मग लगेच वॉर्ड. लेक्चर दुपारी. पहिले तीन महिने आम्हाला इंजेक्शनला हातसुद्धा लावू दिला नाही, नुसतं बेड करायचं, बेडपॅन धुवायचं, पेशंटचं तोंड धुवायचं, केस विंचरायचे, त्याच्याशी बोलायचं. तेव्हा राग यायचा, आई म्हणायची एवढं शिकून भांडी घासायला गेलीस काय. पण पुढे उपकेंद्रात एकटी असताना त्याच शिकवणीने तारलं. गरोदर बाई नुसती दारातनं आत आली की चेहऱ्यावरची सूज बघून मी बीपीचं मशीन काढायची, झटके यायच्या आत जीप बोलवून तिला पुढे पाठवायची. हे पुस्तकातनं येत नाही, रोज शंभर पेशंट डोळ्याखालनं गेले की येतं. आमच्या सिस्टर ट्यूटर केरळच्या नन होत्या, मराठी मोडकं बोलायच्या, पण बाळंतपणाला त्या बाईच्या उशाशी उभ्या राहून तिचा हात धरायच्या आणि आम्हाला सांगायच्या की ओरडणाऱ्या बाईवर ओरडलात तर माझ्या वर्गात येऊ नका. मी पुढे सरकारी दवाखान्यात कळा देणाऱ्या बायांना शिव्या देणाऱ्या, चापट मारणाऱ्या लोकांबरोबर काम केलंय, म्हणून मला या शिकवणीची किंमत कळते.

पण सगळं गोडच होतं असं नाही. प्रार्थनेला बसायचं का नाही हे विचारत नव्हते, बसायचंच. मुलींनी काय घालावं, कुणाचं पत्र आलं, भाऊ भेटायला आला तर तो खरंच भाऊ आहे का, सगळी चौकशी. रात्री अख्खा वॉर्ड शिकाऊ मुलींवर टाकायचे, स्टायपेंड नावापुरता, म्हणजे सरळ सांगायचं तर आमच्या फुकटच्या मेहनतीवर हॉस्पिटल चालायचं. आणि धर्म कधीकधी सेवेच्या आडही येतो. कॅथलिक नन बाईंना कितीतरी वर्षं बाळंतपण करायची, दाई म्हणून काम करायची चर्चचीच बंदी होती, ती १९३६ ला रोमहून उठली. तोवर कितीतरी बाया ननच्या दवाखान्याच्या दारात येऊनसुद्धा त्यांच्या हातचं बाळंतपण त्यांना मिळालं नसेल. धर्मांतराचा संशय लोकांना असतो तोही सगळाच खोटा नाही, जुन्या काळात मिशनरी लोक उघडपणे प्रचारासाठीच यायचे, ते काही लपवत नव्हते. माझ्यापुरतं सांगते, मला कुणी कधी धर्म बदल म्हणालं नाही, पण म्हणून कुणालाच म्हणाले नसतील असं मी कशी सांगू. यासाठी कडक नियम पाहिजेत. प्रार्थना ऐच्छिक, ॲडमिशनला आणि पेशंटला धर्माची अट नाही, हिशेब सगळ्यांना बघायला खुले. एवढं केलं की झालं, त्यासाठी शाळाच बंद कशाला?

मला ज्या मुद्द्यावर खरं बोलायचंय तो पुढे आहे. या शाळांमध्ये एक पद्धत होती आणि काही ठिकाणी अजून आहे, ती म्हणजे मुलगी कुणीतरी पाठवलेली असते. तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं उदाहरण सगळ्यात मोठं. त्याची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, आयडा स्कडर नावाची मिशनरी डॉक्टरांची मुलगी, तिंडीवनमला वडिलांकडे आलेली, एका रात्रीत तीन घरचे पुरुष आले, एक ब्राह्मण, एक मुसलमान, एक दुसऱ्या कुठल्या वरच्या जातीतला हिंदू, तिघांच्याही बायका अडलेल्या, आणि तिघांनीही पुरुष डॉक्टर नको म्हणून सांगितलं, सकाळपर्यंत तिघीही गेल्या. त्यानंतर ती अमेरिकेत जाऊन डॉक्टर होऊन आली, १९०० ला वेल्लोरला काम सुरू केलं, १९०९ ला नर्सिंगची शाळा, १९१८ ला मुलींचं मेडिकल स्कूल, आणि १९४६ ला नर्सिंगची डिग्री, देशात सगळ्यात आधी सुरू झालेल्यांपैकी. तिथे बऱ्याच सीटवर विद्यार्थ्याला एखादं चर्च किंवा मिशन हॉस्पिटल स्पॉन्सर करतं आणि शिकून झाल्यावर त्याने गरज असलेल्या ठिकाणी दोन वर्षं काम करायचं असतं. म्हणजे बघा, शिकायला जातानाच पोराला माहीत असतं की मागे कुठलं तरी एक लहान हॉस्पिटल आपली वाट बघतंय, तिथल्या लोकांनी आपल्यासाठी शब्द टाकलाय.

मेडिकलच्या ॲडमिशनसाठी नीट ही देशभराची एकच परीक्षा आल्यावर हे सगळं अडचणीत आलं. २०१७ ला वेल्लोरने विरोध म्हणून शंभर सीटपैकी फक्त एक ॲडमिशन केली, सगळं वर्ष रिकामं ठेवलं. २९ एप्रिल २०२० ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की नीट अल्पसंख्याक संस्थांनासुद्धा लागू, त्याने त्यांचा हक्क जात नाही. मला तो निकाल मान्य आहे, डोनेशनचा बाजार थांबवायला एक सामायिक परीक्षा पाहिजेच होती, पैसे भरून डॉक्टर झालेली माणसं मी बघितलीत. पण परीक्षेत मार्क पाडणं आणि नवापूरच्या नाहीतर जतच्या दवाखान्यात दोन वर्षं टिकणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एकावरून दुसरी कळत नाही. आपल्याकडे सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजचंही असंच होतं, त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि त्यात गांधी विचारांचा वेगळा पेपर असायचा, पोरांना गांधीजींच्या आश्रमात शिबिराला राहावं लागतं, एकेक बॅच एकेक गाव दत्तक घेते. ते काही धार्मिक कॉलेज नव्हे, पण कल्पना तीच, की कोण टिकेल ते आधी बघा. तो पेपर नीटमुळे गेला. आता नर्सिंगलाही सीईटी आलीय. मार्क हवेतच, मी नको म्हणत नाही, पण मार्कांनंतर अजून काहीतरी बघायला संस्थेला जागा ठेवा.

आणि वेल्लोरचं शिक्षण आपल्या महाराष्ट्राला किती लाभलं ते जामखेडला जाऊन बघावं. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरला शिकले, नगर जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये काम केलं, मग बाहेर शिकून येऊन १९७० ला जामखेडसारख्या दुष्काळी तालुक्यात बसले. त्यांनी काय केलं तर गावानेच निवडलेल्या बाया घेतल्या, बऱ्याच दलित, बऱ्याच नवऱ्याने टाकलेल्या, सही करता न येणाऱ्या, आणि त्यांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकवलं. बाळंतपण, लसीकरण, जुलाबाला मीठसाखरेचं पाणी, कुष्ठरोग ओळखणं, सगळं. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, एकत्र जेवायच्या, जातीचं सोवळंओवळं तिथेच सुटायचं. हजार बाळांमागे १७६ बाळं पहिल्या वर्षात दगावायची तिथे १९७१ ला, नव्वदच्या दशकात तो आकडा तीसच्या खाली आला. १९७९ ला दोघांना मॅगसेसे मिळालं. २००५ ला सरकारने आशा ताई आणल्या तेव्हा जामखेडची ही वाट पस्तीस वर्षं जुनी झालेली होती. त्या बाया ख्रिश्चन झाल्या नाहीत, आपापल्या गावात आपापल्या देवाला नारळ फोडत राहिल्या, पण त्यांना शिकवणारे ज्या श्रद्धेतनं आले ती श्रद्धा काढून टाकली असती तर ते दोघं एवढे हुशार डॉक्टर जामखेडला कशाला आले असते, मुंबईत नसते का बसले?

मुसलमान समाजातल्या संस्थांबद्दल त्या वाचकांनी जास्तच कडक लिहिलं होतं. मालेगावला तिब्बिया, म्हणजे युनानी वैद्यकाचं कॉलेज आहे, मुंबईत वर्सोव्याला अंजुमन-ए-इस्लामचं युनानी कॉलेज आहे. मदरशात शिकलेल्या पोरांना युनानीच्या डिग्रीला येता यावं म्हणून प्री-टिब नावाचा एक वर्षाचा कोर्ससुद्धा आहे, म्हणजे त्यांना फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी शिकवून मग पुढे घ्यायचं. युनानीवाल्यांनी ॲलोपथीची औषधं द्यावीत का नाही यावर माझं मत कडकच आहे, अंदाधुंद अँटिबायोटिक देणं मला मान्य नाही. पण २०२२ ला गोवंडीत आणि मालेगावात गोवरची साथ आली तेव्हा काय झालं आठवा. लस होती, नर्स होत्या, घरंच दार उघडत नव्हती. अशा वस्तीत त्याच समाजातली, त्यांच्याच शाळेतनं शिकून आलेली, उर्दूत समजावणारी मुलगी व्हॅक्सिन कॅरिअर, म्हणजे लशीचा डबा घेऊन गेली तर दार उघडतं. मी स्वतः पल्स पोलिओच्या वेळी मशिदीतल्या मौलाना साहेबांना विनंती करून भोंग्यावरून सांगायला लावलंय, आणि दुपारपर्यंत बूथवर रांग लागली होती. या संस्थांना बंद करण्यापेक्षा त्यांनी एएनएमचे वर्ग काढावेत म्हणून सरकारने मागे लागावं.

आणि आपली देवस्थानं. शिर्डीला संस्थानाचं हॉस्पिटल आहे, शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचे सेवेकरी बघा, काय शिस्त, काय नम्रता, झाडू मारणारा माणूससुद्धा माऊली म्हणून बोलतो, आणि सेवा करायची आपली पाळी कधी येते म्हणून लोक वाट बघत बसतात. तीच शिस्त घेऊन वऱ्हाडातल्या गरीब शेतकऱ्यांच्या मुलींना, ज्यांच्या घरात कर्जापायी आत्महत्या झाल्यात त्या मुलींना, नर्सिंग शिकवलं तर? राहायचं जेवायचं संस्थानात, फी नाही, आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मेळघाटात नाहीतर आपल्याच तालुक्याच्या पीएचसीत. वारीत लाखो माणसं चालतात, त्यांचे पाय चेपायला, सलाईन लावायला नर्सच लागतात ना. वारकरी घरातल्या मुली हे काम किती मनापासून करतील.

कारण आज खरी अडचण धर्माची नाहीच आहे. गल्लोगल्ली नर्सिंग कॉलेजचे बोर्ड लागलेत, ट्रस्ट कुणाचा तर पुढाऱ्याचा, बिल्डिंग चकाचक, आणि स्वतःचं हॉस्पिटल कुठे म्हणून विचारलं तर कुठल्यातरी दवाखान्याशी टायअपचा कागद दाखवतात. मुली महिनाभर सिव्हिलला उभ्या राहतात, एका बाळंतपणाभोवती वीस जणी, सगळ्यांच्या केसबुकवर तीच बाई. माझ्याकडे शेवटच्या काही वर्षांत नवीन लागलेल्या मुली यायच्या, चांगल्या हुशार, कॉम्प्युटरवर माझ्यापेक्षा पटकन एंट्री करायच्या, पण काहींनी स्वतःच्या हाताने एकही बाळंतपण केलेलं नव्हतं. त्यात त्यांचा काय दोष, त्यांच्या आईबापांनी लाखांनी पैसे भरले होते आणि ते फेडायचे म्हणजे गल्फ नाहीतर जर्मनी, उपकेंद्राकडे कोण बघणार? मिशनच्या जुन्या हॉस्पिटलांची अवस्थाही आता बिकट होत चाललीय, बाहेरचा पैसा आटला, मोठी कॉर्पोरेट हॉस्पिटलं आली, आणि हॉस्पिटल बंद पडलं की त्याच्या जोडीची शाळाही जाते, मग तिथल्या गरीब मुली कुठे जाणार तर याच बोर्डवाल्यांकडे.

म्हणून माझी आरोग्य विभागाला आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला तुमच्या पेपरातून विनंती आहे. प्रत्येक नर्सिंग शाळेच्या हॉस्पिटलात रोज किती पेशंट ॲडमिट असतात आणि महिन्याला किती बाळंतपणं होतात हे शाळेच्या दारावर मराठीत लावायला लावा, मग शाळा चर्चची असो, मठाची असो नाहीतर आमदाराची. आणि सीईटी देऊन पास झालेल्या मुलींपैकी काही सीट स्पॉन्सर केलेल्या मुलींसाठी ठेवा, स्पॉन्सर कुणीही असू दे, ग्रामपंचायत, देवस्थान, चर्चची पॅरिश, मशिदीची जमात, महिला बचत गट, अट एवढीच की मुलीचा धर्म जात विचारायची नाही, आणि तिने परत येऊन दोन वर्षं त्या गावाच्या उपकेंद्रात काम करायचं, पगार सरकारने द्यायचा, राहायची खोली आणि रात्रीची सुरक्षा गावाने द्यायची. खोलीचं मी मुद्दाम लिहिते, कारण उपकेंद्राच्या क्वार्टरला दाराला कडी नाही म्हणून नोकरी सोडून गेलेल्या मुली मला माहीत आहेत.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका, सांगली जिल्हा